सिस्टरची वही आणि मास्तरांचा घसा

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं तर आधी सिस्टरना कळवायचं आणि मग डॉक्टरांना. डॉक्टरांना कळवायचं राहिलं तरी चालायचं.

चौतीस वर्षं इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात नोकरी केल्यामुळे त्यांना सगळे सिस्टर म्हणत. लग्न केलं नाही म्हणून सिस्टर म्हणतात, असाही काहींचा समज होता. तो त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. निवृत्त झाल्यावर घरातली पुढची खोली त्यांनी इंजेक्शनं आणि मलमपट्टीसाठी मोकळी केली. तिथे एक उंच टेबल होतं, एक पडदा होता, आणि सुया उकळायचं जुनं स्टीलचं भांडं होतं. सुया उकळायचे दिवस गेल्यापासून त्यात अंडी उकळत.

आणि वही होती. लांबट, जाड पुठ्ठ्याची, इस्पितळातल्या नोंदवहीसारखी. लाल पेन्सिलीनं आखलेले पाच रकाने: नाव, तक्रार, किती दिवस, कुणी सांगितलं आणि शेवटी निकाल. निकालाच्या रकान्यात दोनच शब्द येत, एक तर ‘बरा’ नाही तर ‘गेला’. बायकांसाठी बरी आणि गेली. या दोहोंपैकी एक पडेपर्यंत नाव खोडायचं नाही, हा सिस्टरचा नियम. रविवारी उपासनेत अर्पण गोळा झालं की सिस्टर पुढे जात, चष्मा लावत, वहीतलं एकेक नाव वाचत आणि प्रत्येकासाठी मोठ्यानं प्रार्थना करत. सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणे.

देवाला चुकीची माहिती द्यायची नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. म्हणून दर शनिवारी दुपारी बॅटरी आणि थर्मामीटर घेऊन त्या वहीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन येत. एकदा एका काकांनी पित्ताशयात खडे आहेत असं सांगून हात डाव्या कुशीवर ठेवला. सिस्टर म्हणाल्या, “पित्ताशय उजवीकडे असतं. नक्की काय दुखतंय ते ठरवा, मग लिहिते.” आडपडदा तर त्यांना माहीतच नव्हता. एका तरुण कारकुनाची मूळव्याध त्यांनी भर उपासनेत वाचली, तेव्हा मुलीकडची माणसं त्याला बघायला आलेली आणि दुसऱ्याच बाकावर बसलेली. लग्न जमलं, पण मूळव्याध बरी झाल्याचं सिस्टरनी वाचून दाखवल्यानंतर. आपलं नाव वहीत जाऊ नये या धास्तीनंच अर्धी माणसं बरी होतात, असं आमचे पाळक म्हणायचे. ते या मंडळीचे चौथे पाळक. वही पहिलीच.

वहीत फक्त आजार. परीक्षेतले गुण नाहीत, बदली नाही, घराचा नकाशा मंजूर होणं नाही. “तसलं काही हवं असेल तर घरी दार लावून मागा,” सिस्टर म्हणत.

सिस्टरची दुसरी निष्ठा बादलीवर होती. बादली हे त्यांच्या पक्षाचं चिन्ह. वडील पत्र्याचं काम करायचे, बादल्यांना बूड बसवायचे, आणि ज्या पक्षानं आपल्या हातची वस्तू झेंड्यावर घेतली त्याला सोडून दुसरीकडे बघायचं नाही असं त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं. पक्षाच्या सभासदत्वाची पावती सिस्टर पवित्र शास्त्रातच ठेवत, आणि तीही जिथे राज्यकर्त्यांविषयी लिहिलंय नेमक्या त्या पानात. देव बादलीला मत देतो असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण देवाला मत असतं तर ते कुठे पडलं असतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात बादलीचं तिकीट सिस्टरच्या धाकट्या भावाला मिळालं. तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून सिस्टरनी त्याला वाढवलेलं. वय चौपन्न, नळ आणि पाइपांचं दुकान, दाढीत पांढरे केस, आणि बहीण भर सभेत त्याला ‘बाळ’ म्हणणार. म्हणून अख्खं गाव त्याला बाळच म्हणे. माणूस सरळ, हाताला गुण, पण बोलायचं म्हटलं की गाडी अडे. माइकसमोर उभा राहिला की तो एक वाक्य सुरू करी, अर्ध्यावर सोडी, दुसरं धरी आणि शेवटी “तर असं आहे सगळं” म्हणून खाली बसे.

समोर उभे होते मास्तर, शिडी या चिन्हावर. तेही आमच्याच मंडळीतले. मास्तरांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. त्यांचा आवाज असा, की रविवारी ते शास्त्रातलं वाचायला उभे राहिले की कट्टर बादलीवालेसुद्धा डोळे मिटून ऐकत. प्रचारात तो आवाज लागला आणि बाळच्या बाजूची माणसं चिंतेत पडली.

बाळ एक दिवस दुपारी बहिणीकडे आला आणि इंजेक्शनच्या टेबलावर बसला.

“ताई, वहीत माझं नाव घाल.”

“काय होतंय?”

“निवडणूक होतेय.”

“ताप आहे?”

“ताई, चेष्टा करू नको. मी काकुळतीला आलोय.”

“अन्न जातंय ना पोटात? झोप लागते ना? मग वहीत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “तुझ्यासाठी मी रोज संध्याकाळी गुडघे टेकते. गल्ल्यांची नावं घेऊन घेऊन मागते. पण वही ती वही.”

बाळ हिरमुसून गेला. पण बहिणीचा स्वभाव त्याला ठाऊक होता, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं असतं. नेमका मतदानाला अकरा दिवस उरले असताना मास्तरांचा आवाज गेला.

चौकातल्या सभेत गेला. “बंधू आणि भगिनींनो” इतकं व्यवस्थित आलं, पुढच्या वाक्याला घरघर लागली आणि तिसऱ्या वाक्याला नुसती हवा. मास्तर तोंड उघडून उभे आणि लाउडस्पीकरमधून काहीच नाही. शिडीच्या कार्यकर्त्यांनी आधी माइक बदलला. मग दुसरा माइक बदलला. मग त्यांच्या लक्षात आलं.

बादलीचे वॉर्डप्रमुख चष्म्याच्या दुकानाचे मालक होते. बातमी कळताच त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि म्हणाले, “देव आहे.” सिस्टरनाही आनंद झाला. त्यांनी तो लपवला नाही. तीनेक मिनिटं त्या स्वयंपाकघरात उगीचच भांड्यांची जागा बदलत होत्या. नंतर त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्यांनी भांडी परत जागेवर ठेवली.

शुक्रवारी सकाळी मास्तरांची आई काठी टेकत दारात उभी. ब्याऐंशी वर्षांची. सिस्टर शाळेत जात होत्या तेव्हापासून त्यांना ओळखणारी.

“वही काढ,” म्हातारी म्हणाली.

“मावशी, आधी बसा तरी.”

“बसायला नाही आले. लिही. नाव माझ्या मुलाचं. तक्रार, आवाज गेला. दोन दिवस. कुणी सांगितलं, तर आईनं.”

सिस्टरच्या हातात पेन्सिल होती. ती कागदावर टेकेना.

“काय गं? शिडीवाल्यांचे आजार तुझ्या वहीत बसत नाहीत का?”

सिस्टरनी लिहिलं. बाराव्या ओळीवर, स्वच्छ अक्षरात. आजारी माणसाच्या आईला नाही म्हणायचं त्यांना जमणारच नव्हतं.

आणि नाव वहीत गेलं म्हणजे शनिवारी जाणं आलं. मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते. गळ्याभोवती मफलर, मांडीवर पाटी आणि खडू. भिंतीला शिडीची चित्रं असलेले कागदी गठ्ठे लावून ठेवलेले. सिस्टर त्यांच्याकडे न बघता खाटेशी गेल्या.

“आ करा.”

मास्तरांनी आ केला. सिस्टरनी चमच्यानं जीभ दाबली, बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिल्या. घसा लालभडक होता.

“गुळण्या करताय ना? करा. आणि आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजल्यानं जास्त ताण पडतो.”

पायथ्याशी बसलेल्या आईनं काठी आपटली. “पथ्य सांगतेस की प्रचार करतेस?”

चौतीस वर्षांत सिस्टरवर असा संशय कुणी घेतला नव्हता. त्यांचे कान तापले. गंमत अशी की म्हातारीचं अगदीच चुकत नव्हतं. मास्तर आठ दिवस गप्प बसले तर बादलीचं भलं होतं, आणि मास्तरांच्या घशाचंही भलं होतं. एकाच गोळीनं दोन माणसं बरी व्हावीत तसं झालं होतं, आणि त्यातला एक आपला भाऊ आहे हे कुणालाही दिसत होतं.

“मावशी, डॉक्टरांना विचारा.”

मास्तरांनी पाटीवर लिहिलं: डॉक्टर हेच म्हणाले.

“ते कुणाचे?” आईनं विचारलं.

“ते मतदानालाच जात नाहीत,” सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांना हसू आलं. आवाज नसल्यामुळे ते नुसतेच हलले. मग त्यांनी पाटी पुसून लिहिलं: गप्प बसतो. उद्या माझं नाव वाचणार ना?

“वहीत असलेलं सगळं वाचलं जातं.”

“नुसतं वाचू नकोस,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “नीट माग. हातचं राखून नको. घरात बोलणारा तो एकटाच आहे गं. तीन दिवस झाले, घर भुतासारखं वाटतं मला.”

सिस्टर घरी परतायच्या आत बातमी पुढे गेलेली होती. बाळच्या घरून निरोप आला, ताबडतोब या. जाऊन बघतात तर बैठकीच्या खोलीत चष्मेवाले, बाळ आणि बाळची बायको. तिघांचेही चेहरे डॉक्टर बाहेर येण्याची वाट बघणाऱ्या नातेवाइकांसारखे.

“सिस्टर, ते नाव गाळा,” चष्मेवाल्यांनी सुरुवात केली.

“गाळता येत नाही.”

“एक रविवार नजरचूक समजा. माझ्याकडून फुकट नवा चष्मा घ्या, जुन्या चष्म्यावर ढकला.”

“माझा नंबर बरोबर आहे.”

“मग मोघम म्हणा. एका आजारी बांधवासाठी. नाव नको, घसा नको.”

“लोकांची मूळव्याध मी नावानिशी वाचलीय. आता मास्तरांचा घसा काय पदराखाली झाकू?”

चष्मेवाले पुढे सरकले. “सिस्टर, मी मोघम बोलत नाही. तुमच्या प्रार्थनेचा अंदाज मी घेतलाय. तुम्ही नाव घेतलेल्या शंभरांतले सत्तर उठतात.”

“एक्काहत्तर,” सिस्टर म्हणाल्या. वही त्यांना पाठ होती.

“मग? एक्काहत्तर टक्के धोका पत्करायचा आपण? त्या माणसाचा आवाज परत आला तर आपण संपलो. देवाला तुम्ही नाही सांगितलं तर त्याला काय कळणार नाही का? त्याला बघू दे त्याचं तो. आपण कशाला आठवण करून द्यायची?”

बाळ इतका वेळ जमिनीकडे बघत होता. आता तो बोलला.

“ताई, मी मागितलं तर माझं नाव घेतलं नाहीस. त्याचं घेणार. सगळ्या मंडळीसमोर. मी तिथे बसलेला असणार, आणि माझी बहीण... म्हणजे लोक काय... तू मला वाढवलंस, ते सगळं खरं. पण उद्या त्याचं नाव घेतलंस तर मग माझ्या दारात...”

“वाक्य तरी पुरं करा,” त्याची बायको म्हणाली. “सभेतही असंच करता.”

पण बाळनं ते पुरं केलं नाही. सिस्टरना ते पुरं ऐकू आलं होतं. त्या उठल्या.

“वन्सं, जेवून जा,” भावजय म्हणाली.

“नको गं. उद्याचं बघू काय होतंय ते.”

संध्याकाळी त्यांनी पलंगाशी गुडघे टेकले. रविवारी गडबड नको म्हणून मास्तरांची प्रार्थना आधी एकदा म्हणून बघावी, असा बेत. प्रभू, मास्तरांचा घसा बरा कर. इथवर ठीक. त्यांचा आवाज परत दे. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. सिस्टर थांबल्या. पुन्हा सुरू केलं. त्यांचा आवाज परत दे, तुझ्या योग्य वेळी. हे बरं वाटलं, पण योग्य वेळ म्हणजे कोणती हे त्यांच्या मनानं आधीच ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या खेपेला, आवाज दे पण हलकासा दे, घरात आईशी बोलण्यापुरता. चौथ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं की आपण देवाशी तारखांची आणि मापांची घासाघीस करतोय. म्हातारीचं वाक्य आठवत होतं, हातचं राखून नको. आणि इथे तर हातातून काहीच सुटत नव्हतं. गुडघे दुखायला लागले तशा त्या उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रार्थना जमली नव्हती.

रविवारी चर्च भरलं. एरवी महिनोन् महिने न दिसणारी माणसं वेळेआधी येऊन बसली. कुणी ठरवलं नव्हतं, पण खिडक्यांच्या बाजूला शिडी आणि दाराच्या बाजूला बादली अशी मंडळी आपोआप बसली. मधल्या वाटेवरून जाताना पाळकांना कुठल्या बाजूला बघून हसावं कळेना. मास्तर आईशेजारी मफलर गुंडाळून बसले होते. बाळ दुसऱ्या बाजूला, चौथ्या बाकावर, एकीकडे बायको आणि दुसरीकडे चष्मेवाले.

अर्पण गोळा झालं. सिस्टर पुढे गेल्या. चष्मा लावला. एकेक नाव वाचत, एकेकासाठी मागत त्या खाली आल्या. गुडघेदुखीवाल्या आजी, कावीळ झालेला ड्रायव्हर, जुळ्यांच्या खेपेला रक्तदाब वाढलेली शिक्षिका. आमेन, आमेन. अकरावी ओळ संपली. चर्चमध्ये पंखे फिरत असल्याचं सगळ्यांना अचानक ऐकू यायला लागलं.

सिस्टरनी मास्तरांचं नाव वाचलं. पूर्ण नाव, स्पष्ट. “तक्रार, आवाज गेला. चार दिवस. कुणी सांगितलं, आईनं.”

दाराच्या बाजूला कुणीतरी सुस्कारा सोडला. सिस्टरनी डोळे मिटले.

“प्रभू,” त्या म्हणाल्या. “हे मास्तर. तू ओळखतोस. त्यांचा घसा मी काल पाहिला. लाल आहे. त्यांचा आवाज...”

त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या, की पाळकांनी एक डोळा उघडला.

“प्रभू, खरं सांगायचं तर मला यांचा आवाज परत यायला नको आहे. आत्ता नको आहे. का ते तुला ठाऊक आहे आणि इथे बसलेल्या सगळ्यांनाही ठाऊक आहे. काल संध्याकाळी मी चारदा प्रयत्न केला. मनात नसताना मागितलं तर ते खोटं होईल आणि तुझ्यासमोर मी कधी खोटं बोलले नाही. म्हणून हे मला मागता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी मागा.”

आणि वही छातीशी धरून त्या वेदीच्या पायरीवरच बसल्या.

आमच्या मंडळीत असं कधी झालं नव्हतं. शिडीच्या बाजूनं कुणी उठलं असतं तर ते पक्षाचं वाटलं असतं, म्हणून तिकडून कुणी उठेना. बादलीच्या बाजूनं उठायचा प्रश्नच नव्हता. पाळकांनी घसा खाकरला, पण आपण कुठल्या बाजूचे ठरू याचा त्यांना अंदाज येईना, म्हणून ते पुन्हा डोळे मिटून बसले. म्हातारी खाली मान घालून बसली होती. मास्तर आईकडे बघत होते आणि त्यांना तिला काहीच म्हणता येत नव्हतं.

मग चौथं बाक करकरलं. बाळ उठत होता.

चष्मेवाल्यांनी त्याचा कोट ओढला. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी कोट सोडला, वर सारखाही केला, आणि हात जोडून इतक्या भक्तीनं डोळे मिटले की तसे त्यांनी आजवर कधी मिटले नव्हते.

“प्रभू,” बाळ म्हणाला. “मला काही... म्हणजे मी काही वक्ता नाही. तर असं आहे.”

त्याची बायको कपाळाला हात लावणार होती.

“मी नळाचं काम करतो. नळाला पाणी येईनासं झालं की घर कसं होतं ते मी रोज बघतो. माणसं एकमेकांवर वैतागतात. रिकामी भांडी घेऊन नुसती बसून राहतात. मास्तरांच्या घरी तसं झालंय. त्यांच्या आईला करमत नाही. बिघाड कुठे आहे ते तुला दिसतं, मला दिसत नाही. तू दुरुस्त कर.”

तो थांबला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण तो पुढे बोलू लागला आणि आता त्याचा आवाज वेगळा येत होता, घरातल्या घरात बोलल्यासारखा.

“आमच्या बाबांच्या मातीला मास्तरांनी शास्त्र वाचलं होतं. पाऊस होता. कबर भरत होती आणि लोकांचं लक्ष छत्र्यांकडे होतं. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली आणि सगळ्या छत्र्या स्थिर झाल्या. मी लहान नव्हतो तेव्हा, पण ताईचा हात धरून उभा होतो. त्या आवाजानं मला सावरलं. तसा वाचणारा आपल्याकडे दुसरा नाही. तो तू परत दे. उद्या द्यायचा असेल तर उद्या दे. माझ्याविरुद्ध बोलतील, तर बोलू देत. येशूच्या नावानं मागतो.”

आमेन दोन्ही बाजूंनी एकदम आलं, आणि खिडक्या वाजल्या.

उपासना संपल्यावर अंगणात नेहमीसारखे घोळके झाले. शिडीवाले म्हणाले, नाटक. बादलीवाले म्हणाले, डाव, आणि काय डाव! चष्मेवाले प्रत्येकाला सांगत होते की उमेदवार निवडताना आपण किती दूरवर पाहिलं होतं. मास्तरांची आई बाळसमोर जाऊन उभी राहिली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “मेल्या, तुला बोलता येतं की! मग सभेत काय होतं?”

बाळ मात्र बहिणीकडे न बघता बायकोला घेऊन निघून गेला.

सिस्टर त्याच्याकडे गेल्या नाहीत. अर्धवट राहिलेलं ते वाक्य त्यांच्या मनात होतं, आणि नाव तर त्यांनी वाचलंच होतं. शिवाय दुसरीच एक गोष्ट त्यांना कुरतडत होती. बाळ उठला तो कशासाठी उठला? तो आजार घेऊन आला असता तर त्यांनी बॅटरी मारून बघितलं असतं, पण यावर बॅटरी चालत नव्हती.

मास्तर शब्दाला जागले. आठ दिवस पाटीवर काढले. बाळनं रविवारी केलेली प्रार्थना गावात तिखटमीठ लावून फिरत होती आणि तिकडे शिडीचा उमेदवार घरोघर जाऊन नुसता हात जोडत होता. सगळीकडून भोंगे कोकलत असताना गप्प उभा राहणारा उमेदवार लोकांना बरा वाटला. आठव्या दिवशी मास्तरांचा आवाज आला. जरासा खरखरीत, पण त्यांचाच. मतदानाआधीच्या शेवटच्या सभेत ते बोलले. फक्त सात मिनिटं बोलले, कारण सिस्टरनी तेवढ्यालाच परवानगी दिली होती.

मास्तर एकोणीस मतांनी निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात बादलीची बैठक झाली. चारी भिंतींवर रिकाम्या फ्रेमा, आणि त्यांच्यासमोर पडलेल्या चेहऱ्यांची माणसं. सिस्टर जुन्या सभासद म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. चष्मेवाले आता दूरवर पाहिल्याचं काही बोलत नव्हते.

“एकोणीस मतं,” ते म्हणाले. “कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही. पण घरातली माणसंच जर समोरच्याचं नाव घेऊन देवाच्या दारात उभी राहत असतील, तर...”

सिस्टर बोलण्यासाठी उठू लागल्या. त्यांच्या आधी बाळ बोलला.

“ताईनं मागितलं नाही. ती नाही म्हणाली, तुम्ही ऐकलंत. मागितलं ते मी. आवाज आला तो माझ्या प्रार्थनेनं आला, एकोणीस मतं गेली ती माझ्यामुळे गेली. ज्याला काय बोलायचं ते मला बोला. ताईबद्दल एक अक्षर काढायचं नाही.”

वाक्यं सगळी पुरी होती.

सिस्टर तिथून थेट बाळच्या दुकानात जाऊन बसल्या. थोड्या वेळानं तो आला, त्यांना बघून न बघितल्यासारखं केलं, पाइप शिकंज्यात धरला आणि त्याला आटे पाडायला लागला.

“बाळ.”

“हं.”

“एक विचारते. खरं सांग. मतांसाठी उठलास ना?”

बाळचा हात थांबला नाही. “हो.”

सिस्टरना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

“तू पायरीवर बसलीस तेव्हा माझा पार कचरा झाला असं वाटलं,” बाळ म्हणाला. “मग डोक्यात आलं, आत्ता उठलो तर शिडीवाले गार पडतील. म्हणून उठलो. नळाबिळाचं ते सगळं मतांसाठीच. मग डोळे मिटलेले होते ना, बाबांची माती आठवली. तिथून पुढे मतांचं काही लक्षात नाही. खाली बसलो तेव्हा परत आठवलं.”

“किती वेळ?”

“काय किती वेळ?”

“मतं विसरला होतास तो.”

“ताई, मी घड्याळ लावून प्रार्थना करतो का?”

सिस्टर हसल्या. फळीवरचा एक वॉशर उचलून बोटात फिरवत राहिल्या.

“एक मिनिट का होईना, तुला जमलं,” त्या म्हणाल्या. “मला नाही जमलं रे. लोक म्हणतात सिस्टर, सिस्टर. आणि त्या म्हातारीनं हातापाया पडून सांगितलं तरी माझ्या तोंडातून तुझ्या मतांपलीकडे काही निघेना. मी काय, नर्स म्हणून त्याच्या तोंडात बॅटरी मारली, तेवढंच.”

“म्हणून तर दारात येत नव्हतीस?”

“तू येऊ नको म्हणालास.”

“मी कुठे म्हणालो? वाक्य पुरं केलं का मी?”

“मी पुरं केलं.”

“तुला कुणी सांगितलं होतं?” बाळनं शिकंजा सोडला आणि कपड्याला हात पुसले. “संध्याकाळी घरी ये. ती तीन दिवस विचारतेय, वन्सं का येत नाहीत म्हणून.”

“येते. पण आधी एक सांग. मास्तरांकडे जाऊन आलास?”

“नाही.”

“हरलेल्यानं जावं. बाबा असते तर निकाल लागल्या लागल्या पाठवलं असतं तुला.”

“ताई, जाऊन काय बोलू मी? मला नाही सुचत तसलं.”

“तू कशाला बोलतोस?” सिस्टर उठल्या आणि त्याचं शटर स्वतःच खाली ओढायला लागल्या. “आता त्यांना बोलता येतंय. आपण नुसतं जाऊन बसू.”